खाण सरकते, शाळा मागे राहते

अंधेरी पश्चिमेला गिल्बर्ट हिल नावाचा काळ्या दगडाचा एक सुळका उभा आहे. उंची सुमारे ६१ मीटर, वय साडेसहा कोटी वर्षांच्या आसपास. वर गावदेवीचे मंदिर आहे आणि पायथ्याला दाट वस्ती. आज तो एकटा दिसतो, कारण त्याच्या आजूबाजूचा दगड वर्षानुवर्षे फोडून नेला गेला. २००७ साली मुंबई महानगरपालिकेने त्याला वारसा दर्जा दिला आणि भोवतालच्या खोदकामाला मनाई झाली. मालाड पूर्वेला आणि भांडुपला 'क्वारी रोड' आहेत. चांदिवलीत जुन्या दगडखाणींच्या जागी आता मोठ्या वसाहती आहेत. दक्षिण मुंबईतले वस्तुसंग्रहालय, ज्याला आपले आजी-आजोबा 'म्युझियम' म्हणत, ते कुर्ल्याच्या काळ्या आणि मालाडच्या पिवळसर दगडाचे आहे. म्हणजे मुंबई उभी राहिली ती बऱ्याच अंशी उपनगरांतले डोंगर फोडून.

तेव्हा ही उपनगरे म्हणजे खेडीच होती. अंधेरी, घाटकोपरचा भाग १९५० साली महानगरपालिकेच्या हद्दीत आला. बोरिवली, मुलुंड १९५७ साली आले. त्या खेड्यांच्या कडेला दगड फोडणाऱ्यांच्या झोपड्या पडत. त्या झोपड्यांतली किती मुले शाळेत गेली, याचा हिशेब कुणी ठेवला नाही. दगडाचा हिशेब मात्र चोख ठेवला गेला, कारण त्यावर सरकारचे स्वामित्वधन, म्हणजे रॉयल्टी, ठरलेले होते.

आज उपनगरांतल्या बहुतेक खाणी बंद झाल्या आहेत. शहराची दगडाची गरज मात्र वाढतच गेली. मेट्रो, उड्डाणपूल, जुन्या चाळींचा पुनर्विकास, वीस-वीस मजली इमारती या सगळ्यांना खडी लागते, ग्रिट लागते, वाळूऐवजी दगडाचा कच लागतो. तो आता तुर्भे, शिळफाटा, पनवेल, वसई, पालघर या बाजूने डंपरमधून येतो. खाण शहराबाहेर सरकली, तिच्यामागे खाणीवरची कुटुंबे सरकली. शाळा सरकत नाही. या लेखात आम्ही त्या मागे राहिलेल्या शाळेविषयी बोलणार आहोत.

खाणीवर कोण येते?

दगडकामात पिढ्यान्पिढ्या असलेला समाज म्हणजे वडार समाज. त्यांच्याबरोबर सोलापूर, बीड, लातूर, नांदेड, धाराशिव या कमी पावसाच्या जिल्ह्यांतली कोरडवाहू शेतकऱ्यांची आणि भूमिहीनांची कुटुंबे येतात. कर्नाटकातल्या कलबुर्गी, विजयपूर भागातून आणि तेलंगणातल्या महबूबनगरातूनही लोक येतात. क्रशरवर, डंपरवर उत्तर भारतातले तरुण असतात. यांत आपल्या समाजातली कुटुंबेही आहेत. कुणी सुरुंगासाठी दगडाला भोके पाडतो, कुणी गाडी चालवतो, कुणी यंत्राची दुरुस्ती करतो. गावी शेती नाही किंवा आहे ती पुरत नाही, म्हणून हलाल रोजीसाठी ते या धुळीत उतरतात. त्यांच्या कष्टाबद्दल आमच्या मनात आदरच आहे. प्रश्न त्यांच्या मुलांचा आहे.

मुले शाळेत नाहीत असे म्हटले की पहिला दोष आईवडिलांवर जातो. "त्यांना शिक्षणाची किंमतच नाही," असे आपण सहज म्हणून जातो. खाणीवरच्या रोजच्या जगण्याकडे नीट पाहिले तर ही समजूत टिकत नाही. मुलाला शाळेपासून तोडणाऱ्या गोष्टी खाणीच्या व्यवहारातच आहेत. त्या एकेक करून पाहू.

मजुरी कुटुंबाची, काम सगळ्यांचे

दगडाचा हिशेब ब्रासमध्ये होतो. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट. हाताने दगड फोडणाऱ्याला बहुधा रोजावर नव्हे, तर किती ब्रास डबर किंवा खडी भरली यावर पैसे मिळतात. मुकादम गावी जाऊन आधीच उचल देतो. घरातले लग्न, आजारपण किंवा बियाण्याचे कर्ज त्या पैशांतून भागते. मग हंगामभर ती उचल फेडायची असते. अशा हिशेबात एक माणूस एकटा काम करत नाही. नवरा घण मारतो, बायको तुकडे करते, टोपल्या भरते. टोपली उचलायला आणखी दोन हात मिळाले तर ब्रास लवकर भरतो, आणि ते दोन हात दहा-बारा वर्षांच्या मुलाचे असतात.

मोठ्या क्रशरवर आता यंत्रे आली आहेत. तिथे लहान मूल कामावर दिसले तर मालकाला अडचण होते, म्हणून ते बहुधा दिसत नाही. लहान, परवाना नसलेल्या खड्ड्यांवर कोण कामाला आहे, हे पाहायला कुणी जात नाही.

मुलींची गोष्ट वेगळी आहे. आई खाणीत असते तेव्हा तान्ह्या भावाला झोळीत झोके देणारी, पाण्याचा हंडा भरणारी, भाकरी टाकणारी मुलगी कुठल्याच यादीत बालमजूर म्हणून येत नाही. तिने हातोडा उचललेला नसतो, पण तिची शाळा सुटलेली असते. खाणीजवळ अंगणवाडी किंवा पाळणाघर नसेल तर धाकट्या मुलासाठी थोरल्या मुलीचे शिक्षण खर्ची पडते. म्हणून 'मुलीला शाळेत पाठवा' असे सांगण्याआधी तान्ह्या मुलाची सोय कुठे आहे, हे विचारावे लागते.

शाळेचे वर्ष जूनचे, खाणीचे वर्ष दिवाळीचे

पावसाळ्यात खाणीच्या खड्ड्यांत पाणी भरते, रस्ते चिखलाचे होतात, काम मंदावते. बरीच कुटुंबे गावी परततात. जूनमध्ये मुलाचे नाव गावच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत लागते, पुस्तके मिळतात, गणवेश मिळतो. पहिली चाचणी होते न होते तोच दिवाळी येते आणि कुटुंब पुन्हा खाणीकडे निघते. एप्रिलची परीक्षा होते तेव्हा मूल खाणीवर असते. गावच्या शाळेत त्याचे नाव आहे, पण ते हजर नाही. खाणीजवळच्या शाळेत त्याला जाता येण्यासारखे आहे, पण तिथे त्याचे नाव नाही. दोन शाळांच्या मधले हे मूल पटावर 'शाळेत' दिसते आणि प्रत्यक्षात वर्षातले पाच-सहा महिने कुठेच नसते.

अशी तीन-चार वर्षे गेली की मूल पाचवीच्या वयाचे होते, पण वाचता दुसरीचेही येत नाही. मग वर्गात बसायची लाज वाटते. शिक्षकांनी हाक मारली तरी ते मागे सरकते. आईवडील म्हणतात, "ह्याचे मन लागत नाही." मन न लागण्याचे कारण वेळापत्रकात आहे.

जी कुटुंबे खाणीवर बारा महिने राहतात त्यांच्यापुढे अंतर आणि रस्ता हे प्रश्न असतात. खाण डोंगरात, शाळा गावात, आणि मधल्या रस्त्यावर भरलेले डंपर. सुरुंग उडवायच्या वेळी तर सगळी वाटच बंद होते. सोडून दिलेल्या खड्ड्यांत पाणी साचलेले असते, तिथे पोहायला उतरलेली मुले बुडाल्याच्या बातम्या आपण वाचत आलो आहोत. सात वर्षांच्या मुलीला त्या वाटेने एकटी पाठवायला कोणती आई धजेल?

नोंद नसलेली खाण, नोंद नसलेले मूल

दगड, मुरूम, वाळू, विटांची माती यांना कायद्यात 'गौण खनिज' म्हणतात. १९५७ च्या केंद्रीय कायद्याने त्यांचे नियम करण्याचा अधिकार राज्यांना दिला आहे आणि महाराष्ट्राचे सध्याचे नियम २०१३ चे आहेत. खोदकामासाठी महसूल खात्याची परवानगी लागते, रॉयल्टी भरावी लागते, वाहतुकीचा पास लागतो. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने दीपक कुमार खटल्यात सांगितले की पाच हेक्टरपेक्षा लहान खाणींनाही पर्यावरण मंजुरी हवी. त्याआधी अशा लहान खाणी त्या तपासणीतून सुटत असत.

कागदावर इतके सगळे असूनही विनापरवाना खोदकाम चालते, परवाना एका जागेचा आणि खोदकाम शेजारच्या जागेत असेही होते. याकडे आपण पर्यावरणाचा किंवा महसूल बुडाल्याचा प्रश्न म्हणून पाहतो. त्यात मुलाचाही प्रश्न आहे. ज्या खाणीची नोंद नाही तिथे मजुरांची हजेरी नाही. मजुराची हजेरी नाही म्हणजे त्याच्या कुटुंबाचा पत्ता नाही. मग शाळाबाह्य मुलांचे सर्वेक्षण करणारे शिक्षक कोणत्या वस्तीत जाणार? रात्रीतून छापा पडला की खड्डा बंद होतो, कुटुंबे दुसऱ्या डोंगराकडे जातात, आणि महिनाभरापूर्वी शाळेत नाव घातलेले मूल पुन्हा गायब होते.

पैशाचाही संबंध आहे. २०१५ साली खनिज कायद्यात दुरुस्ती होऊन जिल्हा खनिज प्रतिष्ठान स्थापन करण्याची तरतूद झाली. खाणकामाची झळ बसलेल्या लोकांसाठी हा निधी आहे, आणि तो ज्या कामांवर प्राधान्याने खर्च करायचा त्यांत शिक्षण आहे. जो दगड चोरून निघतो त्यातून या निधीत एक रुपयाही पडत नाही.

कायदा मुलाच्या बाजूचा आहे

फरिदाबादच्या दगडखाणींतल्या मजुरांच्या बाबतीत बंधुआ मुक्ती मोर्चाने सर्वोच्च न्यायालयाला लिहिलेले पत्र न्यायालयाने याचिका म्हणून स्वीकारले. डिसेंबर १९८३ मध्ये न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांनी दिलेल्या निकालात सन्मानाने जगण्याच्या हक्कात मुलांच्या शिक्षणाच्या सोयीही येतात, असे सांगितले. घटनेत शिक्षणाचा हक्क २००२ साली आला आणि त्यासाठीचा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. म्हणजे दगडखाणीच्या खटल्यात ही गोष्ट कितीतरी आधी बोलली गेली होती.

शिक्षण हक्क कायद्यातल्या काही तरतुदी प्रत्येक घरात माहीत असाव्यात, असे आम्हांला वाटते. ६ ते १४ वयाच्या मुलाला जन्मदाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. वर्षाच्या मध्येच मूल आले तरी त्याला घ्यावे लागते. जुन्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला, हे प्रवेश न देण्याचे कारण होऊ शकत नाही, आणि दाखला द्यायला टाळाटाळ करणाऱ्या मुख्याध्यापकावर कारवाई होऊ शकते. मुलाला त्याच्या वयाच्या वर्गातच बसवायचे आणि मागे पडलेला अभ्यास विशेष वर्गातून भरून काढायचा. असे मूल चौदा वर्षे ओलांडले तरी आठवी पूर्ण होईपर्यंत त्याचे शिक्षण मोफत राहते. स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना प्रवेश मिळवून देणे हे तर कायद्याने स्थानिक संस्थेवर, म्हणजे महानगरपालिका, नगरपालिका, जिल्हा परिषदेवर टाकलेले काम आहे.

मजुरीच्या बाजूनेही कायदा स्पष्ट आहे. खाण कायद्याप्रमाणे अठरा वर्षांखालील कुणालाही खाणीत कामाला ठेवता येत नाही. बालमजुरी कायद्यात २०१६ साली झालेल्या बदलाने चौदा वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास बंदी घातली आणि चौदा ते अठरा वयाच्या मुलांना खाणींसारख्या धोक्याच्या कामात मनाई केली. हा प्रश्न फक्त आपला नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २००५ सालचा बालमजुरीविरोधी दिन खाणी आणि दगडखाणींतल्या मुलांसाठीच पाळला. तेव्हा जगभरात सुमारे दहा लाख मुले या कामात असल्याचा तिचा अंदाज होता. बालमजुरीच्या सर्वांत वाईट प्रकारांविरुद्धचा १९९९ चा करार भारताने २०१७ साली मान्य केला.

शाळा खाणीपर्यंत जाऊ शकते

हे अशक्य नाही, हे आपल्या राज्यातल्याच लोकांनी दाखवले आहे. पुण्याजवळ वाघोलीच्या दगडखाणींत ॲड. बस्तू रेगे आणि पल्लवी रेगे यांच्या 'संतुलन' संस्थेने १९९७ च्या सुमारास खाणीतच वर्ग सुरू केले. त्यांना नाव पडले पाषाण शाळा. वीटभट्ट्यांवरच्या मुलांसाठी विधायक संसद या संस्थेने ठाणे जिल्ह्यात भोंगा शाळा चालवल्या. भोंगा म्हणजे भट्टीवरच्या मजुराची तात्पुरती झोपडी. मुंबईत बांधकामावरच्या मुलांसाठी १९७२ पासून मोबाइल क्रेशची पाळणाघरे आहेत. त्यांनी तान्ह्या मुलाची सोय केली आणि त्यामुळे थोरली बहीण मोकळी झाली.

या प्रयोगांतून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. खाणीवरचा वर्ग हा मुलाला नेहमीच्या शाळेपर्यंत नेणारा पूल असावा. खाणीच्या मुलांसाठी कायमची वेगळी, पत्र्याची शाळा असे त्याचे रूप झाले तर मूल खाणीतच राहील.

सरकारी पातळीवर स्थलांतर करणाऱ्या मुलासाठी शिक्षण हमी कार्ड आहे. गावची शाळा ते भरून देते आणि नव्या ठिकाणची शाळा ते पाहून मुलाला वर्गात घेते. गावीच आजी-आजोबांजवळ राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहाची योजना आहे. शाळाबाह्य मुलांचा शोध घेणाऱ्या शिक्षकांना आपल्याकडे 'बालरक्षक' म्हणतात. सोयी आहेत, पण बऱ्याच आईवडिलांना त्यांची नावेही माहीत नसतात. मुकादम उचलीचा हिशेब सांगतो, कार्डाचे सांगत नाही.

आपण कुठे उपयोगी पडू शकतो?

वाचक बंधू-भगिनींनो, अंधेरी, कुर्ला, मुलुंड, बोरिवलीत राहून खाणीवरच्या मुलासाठी आपण काय करणार, असा प्रश्न तुमच्या मनात आला असेल. आम्हांला चार गोष्टी सुचतात.

पहिली भाषेची. खाणीवरच्या मुलाच्या घरात वडारी, कन्नड, तेलुगू, दखनी किंवा हिंदी बोलली जाते. मुंबई महानगरपालिकेच्या शाळा मराठी, उर्दू, हिंदी, कन्नड, तेलुगूसह आठ माध्यमांत आहेत. शहराबाहेरच्या खाणीजवळ मात्र बहुधा एकच शाळा असते, जिल्हा परिषदेची मराठी. उर्दू शाळेतून आलेले मूल तिथे गप्प बसते. घरी उर्दू-हिंदी आणि बाहेर मराठी अशा दोन्ही भाषांत वावरणाऱ्या आपल्या कुटुंबांना हा पूल बांधणे इतरांपेक्षा सोपे आहे. वसई, पनवेल, मुंब्र्याकडे राहणारे आपले कॉलेजचे मुलगे-मुली आठवड्यातून दोन संध्याकाळी अशा मुलांना मराठी वाचन शिकवू शकतात.

दुसरी प्रवेशाची. अनेकदा आईवडील शाळेच्या दारापर्यंत जातात आणि "दाखला आणा" ऐकून परततात. त्यांच्याबरोबर कायदा माहीत असलेले एक माणूस गेले तर काम होते. मोहल्ल्यातल्या जमातीने, महिला मंडळाने ही जबाबदारी दोघा-तिघांवर सोपवावी. मदरशात येणारे मूल शाळेत जाते का, हे मौलानासाहेबांनी विचारावे. २०१२ च्या दुरुस्तीने मदरसे शिक्षण हक्क कायद्याच्या बाहेर आहेत, त्यामुळे फक्त मदरशात नाव असलेले मूल शाळेच्या पटावर येत नाही. दोन्ही तालीम वेगवेगळ्या वेळी सहज होऊ शकतात.

तिसरी मदतीच्या वेळेची. वह्या, दप्तरे आपण जूनमध्ये वाटतो किंवा रमजानमध्ये. खाणीवर मुले येतात ती दिवाळीनंतर. त्या वेळी त्यांच्यासाठी काही उरलेले नसते. मदतीचा एक भाग नोव्हेंबरसाठी राखून ठेवावा.

चौथी आपल्या स्वतःच्या घराची. सोसायटीचा पुनर्विकास चालू असेल तर कमिटीतल्या सभासदांनी बिल्डरला विचारावे की खडी कुठून येते, रॉयल्टीच्या पावत्या आणि वाहतुकीचे पास आहेत का. फरशी कोणत्या कंपनीची, लिफ्ट कोणती, हे आपण दहा वेळा विचारतो. हा प्रश्नही त्याच बैठकीत विचारता येतो. मजुराला त्याची मजुरी वेळेवर आणि पूर्ण मिळावी, ही शिकवण आपल्या घरांत लहानपणापासून दिली जाते. ज्याने आपल्या घराचा दगड फोडला त्याचे मूल शाळेत आहे का, ही चौकशी त्याच शिकवणीतली आहे.

लहान मूल खाणीत किंवा क्रशरवर काम करताना दिसले तर १०९८ हा मुलांसाठीचा मोफत क्रमांक दिवसरात्र चालू असतो. फोन करताना त्या मुलाच्या कुटुंबाचा विचारही मनात असावा. मूल कामावरून काढले आणि शाळेत बसवले नाही, तर ते आठ दिवसांत दुसऱ्या खड्ड्यावर असते. म्हणून एका हाताने तक्रार करायची तर दुसऱ्या हाताने त्याला शाळेपर्यंत पोहोचवायचे.

येत्या दिवाळीनंतर कुटुंबे पुन्हा खाणीवर येतील. त्यांच्याबरोबर पहिलीतली मुले असतील, ज्यांची अजून एकही परीक्षा चुकलेली नाही. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात त्यांचे नाव जवळच्या शाळेत लागले, तर त्यांचे वर्ष वाचेल.